घरचा खलबत्ता
(नभोवाणीवरील भाषण)

वाण्याच्या दुकानांतून आणलेले मूठभर धणे नाकाशीं धरले, तर त्यांना फारसा वास येत नाहीं. वाळल्या गवतासारखा थोडासा गंध येतो, इतकेंच. पण त्यांतलेच दोन दाणे चिमटींत धरून नखानें चुरडले, कीं संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारा दरवळ एकदम सुटतो. चुरडण्यापूर्वीं हा वास कोठें होता? तो दाण्यांतच होता. फक्त त्याच्यावरचें झांकण निघालें. आतां तींच चुरडलेली टरफलें उघड्या बशींत ठेवून कांहीं दिवसांनीं पुन्हा हुंगून पाहावीं. दरवळ बहुतेक नाहींसा झालेला असतो. झांकण एकदां निघालें तें निघालें. तें पुन्हा बसवितां येत नाहीं.

या लहानशा प्रयोगांत मसाल्याचें निम्में शास्त्र सांठविलेलें आहे. मसाला कुटणें म्हणजे त्यांतील सुगंधाला मोकळें करणें, आणि मोकळा झालेला सुगंध कोणाची वाट पाहात थांबत नाहीं. म्हणून मसाला आख्खा घ्यावा, लागेल तेवढाच कुटावा, आणि रांधण्याच्या वेळेच्या जितका जवळ कुटतां येईल तितका जवळ कुटावा, एवढेंच आजच्या भाषणाचें सांगणें आहे. तें नवें नाहीं. पण ज्या घरांतून खलबत्ता माळ्यावर गेला आहे, त्या घरांत तें पुन्हा सांगण्याची वेळ आली आहे.

प्रथम दाण्याच्या अंतरंगाकडे पाहूं. धणे, जिरें, बडीशेप, ओवा हीं सारीं एकाच कुळांतील फळें होत. त्यांच्या सालींत अतिशय सूक्ष्म अशा तैलनलिका असतात. त्या नलिकांत जें तेल असतें तें तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलासारखें जड नसून कापरासारखें हवेंत उडून जाणारें असतें. धण्याचा सुवास मुख्यतः लिनॅलूल या द्रव्याचा, जिऱ्याचा क्युमिनाल्डिहाइडचा, आणि लवंगेचा युजेनॉलचा. लवंग या बाबतींत मोठी श्रीमंत आहे. तिच्यांत अशा तेलाचें प्रमाण शेंकडा १५ ते २० असूं शकतें. धण्यांत मात्र तें बहुधा शेंकडा १ हूनहि कमी असतें. ज्याच्याजवळ मुळांतच एवढें थोडें, त्याचें थोडेंसें गेलें तरी फार गेलें.

आतां कुटण्यानें काय होतें, याचें साधें गणित करून पाहूं. एक सेंटिमीटर लांब, रुंद व उंच असा एक घन घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होतो. त्याच घनाचे एक मिलिमीटर बाजूचे तुकडे केले तर १००० तुकडे होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर भरतो. तुकडे आणखी दसपट बारीक केले कीं तो ६०० वर जातो. माल तेवढाच, परंतु हवेला तोंड देणारें अंग शंभरपट झालें! पूड जितकी बारीक तितकी ती रश्शांत लवकर मिसळते हें खरें, पण त्याच कारणानें ती डब्यांत लवकर निस्तेजहि होते.

यावर कोणी म्हणेल, कीं सहा महिन्यांच्या जुन्या मिरपुडीनेंहि जीभ पोळते; मग तिचें काय बिघडलें? या शंकेचें उत्तर मोठें मनोरंजक आहे. मिऱ्यांत दोन गुण वेगवेगळे नांदतात. त्याचा तिखटपणा पायपेरिन या द्रव्याचा. हें द्रव्य १८१९ सालीं डेन्मार्कच्या हान्स क्रिस्तियन अर्स्टेड यानें वेगळें काढलें. विजेच्या प्रवाहाजवळ होकायंत्राची सुई हलते हें पुढच्याच वर्षीं जगाला दाखविणारा शास्त्रज्ञ तो हाच. पायपेरिन उडून जात नाहीं. मिऱ्याचा सुवास मात्र उडणाऱ्या तेलाचा असतो, आणि तो जातो. त्यामुळें जुनी मिरपूड तिखट लागते पण सुगंधी लागत नाहीं. मिरचीच्या तिखटाचीहि गोष्ट हीच. आपण मग चव अपुरी वाटते म्हणून पूड आणखी एक चमचा घालतों. त्यानें जाळ वाढतो आणि स्वाद होता तेथेंच राहतो. पुष्कळ घरांतील रस्सा अलीकडे तिखट होऊनहि बेचव कां लागतो, याचें एक कारण येथें आहे.

कांहीं पदार्थांचा वास तर कुटण्यापूर्वीं अस्तित्वांतच नसतो. मोहरीचा दाणा आख्खा चघळला तर प्रथम तो कडवट लागतो; नाकांत जाणारी झणझण मागाहून येते. मोहरींत सिनिग्रिन नांवाचें द्रव्य एका जागीं व मायरोसिनेज नांवाचें पाचक द्रव्य दुसऱ्या जागीं असतें. दाणा फुटून त्याला पाणी लागलें कीं दोघांची गांठ पडते आणि तेव्हां झणझणीत तेल तयार होतें. आपल्याकडे मोहरी पाण्यांत वाटून फेसतात ती याचसाठीं. तीच मोहरी तापलेल्या तेलांत टाकली तर उष्णतेनें पाचक द्रव्य निकामी होतें. म्हणून फोडणींतली मोहरी खमंग लागते, झणझणीत लागत नाहीं. लसणीचेंहि असेंच. सोललेली पाकळी फारशी दरवळत नाहीं. ठेंचली कीं सारें घर ओळखतें. ठेंचतांना तयार होणारें ॲलिसिन हें द्रव्य १९४४ सालीं कॅव्हॅलिटो व बेली या अमेरिकन रसायनज्ञांनीं वेगळें केलें. ठेंचा हा ठेंचूनच कां करावा, हें आपल्या घरांतील स्त्रियांना प्रयोगशाळेच्या पुष्कळ आधीं ठाऊक होतें. त्याचें कारण मात्र तेव्हां कळलें.

मसाला वाटण्याची ही विद्या किती जुनी आहे, याचा एक सुंदर पुरावा अलीकडेच पुढें आला. दक्षिण व्हिएतनाममध्यें ओक एओ नांवाचें प्राचीन व्यापारी शहर होतें. तेथील उत्खननांत सांपडलेल्या दगडी अवजारांचा अभ्यास २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या दगडांवर हळद, आलें, लवंग, जायफळ, दालचिनी इत्यादिकांचे सूक्ष्म कण चिकटलेले आढळले. त्यांतील एक पाटा तर आपल्या घरच्या पाट्याचा सख्खा भाऊ शोभेल असा आहे, आणि संशोधकांनीं त्याचा संबंध भारताशीं असलेल्या दळणवळणाशीं जोडला आहे. त्या उत्खननांत मिळालेल्या आख्ख्या जायफळाला इतक्या शतकांनंतरहि आपला वास होता, असें त्यांनीं नमूद केलें. जायफळाची पूड असती, तर तिनें दोन हजार वर्षें काय, दोन वर्षेंहि वास राखला नसता.

आपल्या परंपरेंतहि दगडाचें हें स्थान मोठें मानाचें आहे. मनुस्मृतींत गृहस्थाच्या घरीं नकळत जीवहिंसा होणाऱ्या ज्या पांच जागा सांगितल्या आहेत, त्यांत चुलीच्या जोडीला पेषणी म्हणजे वाटण्याचा दगड आणि कंडणी म्हणजे उखळ यांची गणना आहे. ज्या वस्तु प्रत्येक घरांत असणारच, अशांचीच ती यादी होय. महाराष्ट्रांत मूल जन्मल्यावर पांचवीच्या पूजेंत पाटा-वरवंटा मांडतात, आणि बारशाच्या दिवशीं वरवंट्याला टोपडें घालून तो पाळण्याभोंवतीं देतात-घेतात. घर म्हटलें कीं पाटा आलाच, ही समजूत त्यामागें आहे.

या अवजारांचीं कामेंहि ठरलेलीं असत. ओलें खोबरें, आलें, लसूण, हिरव्या मिरच्या यांसाठीं पाटा-वरवंटा. लवंग, मिरें, वेलदोडा अशा थोड्याशा सुक्या जिनसांसाठीं खलबत्ता. वर्षाच्या तिखटासाठीं उखळ-मुसळ. आणि हळदीसारख्या कठीण वस्तूसाठीं आधीं खल व मग जातें. पाटा गुळगुळीत झाला कीं पाथरवटाला बोलावून त्याला टांकी लावून घेत, म्हणजे दगडाला पुन्हा दांत येत. वरवंटा सावकाश फिरतो, पाण्याचा हबका मधून मधून मिळतो, आणि त्यामुळें वाटण तापत नाहीं. हा गुण लहान नाहीं. वेगानें फिरणाऱ्या मोठ्या चक्कींत मसाला चांगलाच तापतो आणि वास तेथेंच उडून जातो. म्हणून आजच्या कांहीं कारखान्यांत मसाला दळतांना उणें १९६ अंशांवर उकळणारा द्रवरूप नायट्रोजन सोडून तो गारठवितात. जें वरवंट्याला पाण्याच्या ओंजळीनें साधतें, त्यासाठीं यंत्राला एवढा खटाटोप करावा लागतो.

येथें एक आक्षेप उभा राहतो, आणि तो रास्त आहे. ताजा मसालाच जर खरा, तर महाराष्ट्रांतील गृहिणी चैत्र-वैशाखांत वर्षाचा मसाला एकदांच कां करून ठेवीत आल्या? ब्राह्मणी घरांतला गोडा मसाला, सातारा-कोल्हापुराकडील कांदा-लसूण मसाला, मराठवाडा-सोलापुराकडील काळें तिखट, मालवणी मसाला, हे सारे वर्षाच्या बेगमीचे. मुंबईंत लालबागच्या मिरची गल्लींत उन्हाळ्यांत गेलें, तर ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्यांचीं पोतीं आणि लोखंडी मुसळें वरखालीं आपटणारे डंक पाहावयास मिळतात, आणि शिंका दिल्याशिवाय परत येतां येत नाहीं. मग या बायका चुकत होत्या काय?

मुळींच नाहीं. त्यांनीं उडून जाणारा वास राखण्याच्या युक्त्या शोधल्या होत्या. पाऊस लागला कीं दमट हवेंत मिरची नीट वाळत नाहीं व तिला बुरशी धरते. म्हणून कडक उन्हांत हें काम उरकून घेणें भागच होतें. मसाल्याचे जिन्नस तेलांत परतून घेतले जात. तेलाचा तो पातळ लेप सुगंधाला धरून ठेवण्यास मदत करतो. मग चिनी मातीच्या बरणींत मसाला दाबून भरायचा, वर हिंगाचे खडे ठेवायचे, दादरा बांधायचा, आणि रोजच्या वापरापुरता लहान डब्यांत काढून मोठी बरणी पुन्हा पुन्हा उघडावयाची नाहीं. वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत तर कित्येक जिनसांचा मसाला उन्हाळ्यांत कुटून गडद रंगाच्या बियरच्या बाटल्यांत ठासून भरण्याची चाल आहे. त्यावरून त्याचें नांवच बॉटल मसाला पडलें. उजेड नको, हवा नको, ओल नको, हीं तिन्ही पथ्यें त्या एका बाटलींत पाळलीं जातात.

शिवाय वर्षाच्या मसाल्यावर कोणी एकट्यावर भिस्त ठेवीत नसे. तो रश्शाचा पाया असे; त्यावरचा ताजेपणा रोजच्या रोज आणला जाई. आमटीला गोडा मसाला बरणींतला, पण जिरें-खोबरें त्या दिवशीं वाटलेलें, आणि फोडणी त्या क्षणाची. कोंकणांत व गोव्यांत तर रोजच्या वाटणावांचून पान हालत नाहीं. गोव्याच्या शागोतींत खसखस, खोबरें आणि सुका मसाला भाजून त्याच दिवशीं वाटतात. बांगड्याच्या कालवणांत तिरफळें घालतात तीं तर वाटीतहि नाहींत. त्यांतील काळें बीं काढून टाकून नुसत्या साली किंचित् ठेंचून सोडतात. अधिक कुटणें म्हणजे अधिक चांगलें, असा नियम नाहीं. किती फोडावें हें ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे.

करी हा शब्द इंग्रजांनीं जगभर नेला. त्यांच्या पाकशास्त्रांतील तिची एक आरंभींची कृति हॅना ग्लास या बाईच्या १७४७ सालच्या पुस्तकांत आहे. तिच्यांत मिरीं व धणे स्वच्छ फावड्यावर धरून विस्तवावर परतावे आणि मग कुटून त्यांची पूड करावी, असें सांगितलें आहे. तवा नव्हता तर फावडें. पण भाजणें व कुटणें घरींच! पुढें १७८४ सालीं लंडनच्या पिकॅडिली भागांतील एका दुकानानें तयार करी पावडरीची जाहिरात दिली. अवघ्या ३७ वर्षांत फावडें सुटलें आणि डबी आली. मालवणी कालवण, तमिळ कुळंबु, बंगाली झोल या सर्वांना एकाच पिंवळ्या पुडीचा एकच वास लागूं लागला, तो या डबीमुळें. शेजारच्या दोन गांवांत रश्शाची चव निराळी असण्याचें कारण त्यांचें कुटण्याचें प्रमाण निराळें हें आहे. प्रमाण एका कारखान्यानें ठरविलें, कीं तें निराळेपण पुसलें जातें.

आतांपर्यंत चवीचा विचार झाला. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू आरोग्याची असून ती अधिक गंभीर आहे. आख्खा दाणा आपली साक्ष आपण देतो. पुडीला साक्ष नसते. मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळतात, हें सर्वश्रुत आहे. पण बी लांबट व सुरकुतलेली असते, आणि पाण्यांत टाकली तर ती तरंगते. चांगलें भरलेलें मिरें तळाशीं बसतें. दालचिनींतहि दोन जाती असतात. सिलोनची खरी दालचिनी कागदासारख्या पातळ सालींची, अनेक पदरी गुंडाळी असते. कॅशिया नांवाची दुसरी साल जाड, कठीण व एकेरी वळलेली असते आणि तिच्यांत कुमारिन नांवाचें द्रव्य बरेंच असतें, जें फार प्रमाणांत यकृताला अपायकारक समजतात. तुकडे समोर ठेवले तर शाळकरी मूलहि दोहोंतला फरक सांगेल. दोहोंची पूड केली तर मोठा जाणता गृहस्थहि फसेल. लवंगेचें तेल आधींच काढून घेऊन रिकामी लवंग विकणारे असतात. तिला नखानें दाबावें. चांगली लवंग नखाला तेल लावते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

पुडीच्या व्यवहारांत काय होऊं शकतें, याचीं उदाहरणें घडलेलीं आहेत. २००५ सालीं इंग्लंडांत सुदान-१ नांवाचा कारखानी रंग मिसळलेलें तिखट एका चटणींत गेलें व त्या चटणींतून इतर अन्नांत पसरलें; शेंकडों पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. आपल्या देशांत अन्नांतील भेसळीविरुद्ध १९५४ सालीं कायदा झाला आणि २००६ सालीं त्याची जागा घेणारा अन्नसुरक्षा कायदा आला. कायदा हवाच. पण निरीक्षक दुकानांत वर्षांतून एखादे वेळीं जातो, आणि घरांतील डोळे रोज भाजीच्या ताटाजवळ असतात.

तथापि आख्खें म्हणजे निर्धोकच, असेंहि समजूं नये. बांगलादेशांत हळद अधिक पिंवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट नांवाचा शिशाचा विषारी रंग वापरला जात असे, आणि तो पुडींतच नव्हे तर हळकुंडें घासून चकचकीत करतांना आख्ख्या हळकुंडांनाच चोपडीत. शिसें लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतें. २०१९ सालीं तेथील बाजारांतील हळदीच्या शेंकडा ४७ नमुन्यांत शिसें आढळलें. संशोधकांनीं तें उघडकीस आणलें, सरकारनें व्यापाऱ्यांना ताकीद दिली, दंड केले, लोकांना जागें केलें. आणि २०२१ पर्यंत तें प्रमाण शून्यावर आलें. या हकीकतींत दोन धडे आहेत. पहिला असा, कीं फार चकचकीत व भडक पिंवळें हळकुंड दिसलें तर त्याच्या रूपाला भुलूं नये. तें मोडून पाहावें, घासून पाहावें, आणि मळकट दिसणारें साधें हळकुंड पत्करावें. दुसरा असा, कीं गिऱ्हाईक व सरकार दोघेंहि जागीं राहिलीं तर दोन वर्षांत दुष्ट चाल मोडतां येते.

इतकें सांगून झाल्यावर एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. जुन्या घरांतील ताज्या वाटणाची चव ज्यांनीं वाखाणली, त्यांनीं तें वाटण बहुधा स्वतः केलेलें नसे. पहांटे जातें, सकाळीं पाटा, दुपारीं उखळ, असा तो बायकांच्या हातांचा दिवस होता. आणि त्यांतहि जड वाटा सुनेचा. तिखट वाटल्यावर हाताची आग रात्रभर राही. मिरचींतील कॅप्सेसिन पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून ती आग नुसत्या पाण्यानें शमत नाहीं. गोडें तेल चोळावें लागे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विजेचा मिक्सर स्वयंपाकघरांत आला, तेव्हां त्यानें लाखों खांद्यांना व मनगटांना विसांवा दिला. तो विसांवा परत मागण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. पाटा गेला म्हणून हळहळणाऱ्या पुरुषानें आधीं आठवडाभर पाट्यावर बसून पाहावें.

सुदैवानें ताजा मसाला हवा असेल तर त्या कष्टांकडे परत जाण्याचें कारण नाहीं. रोज किलोभर कुटावयाचें नसून चार चमचे कुटावयाचें असतें, आणि त्याला पांच मिनिटें पुरतात. चार माणसांच्या रश्शासाठीं दोन मोठे चमचे धणे, एक लहान चमचा जिरें, आठ-दहा मिरीं, तीन-चार लवंगा, बोटाच्या एका पेराएवढी दालचिनी, दोन वेलदोडे आणि चार ब्याडगी मिरच्या एवढा ऐवज पुष्कळ झाला. ब्याडगी रंगाला उदार व तिखटाला सौम्य आहे. ज्यांना झोंबायला हवें त्यांनीं एखादी लवंगी मिरची घालावी.

भाजतांना सर्व जिन्नस एकदम तव्यावर टाकूं नयेत. धण्यांना वेळ लागतो, जिऱ्याला कमी लागतो, आणि खसखस व तीळ पाहतां पाहतां करपतात. म्हणून ज्याचें त्यानें, मंद आंचेवर, रंग किंचित् पालटून वास सुटेपर्यंतच भाजावें. वेलदोडा व जायफळ तर न भाजलेलेच बरे. गोड्या मसाल्यांतील दगडफूल हें वस्तुतः फूल नसून खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढणारी दगडफुलीची बुरशी-शेवाळांची जोडवनस्पति आहे. कच्चें असतांना तें मुकें असतें, तेलांत परतल्यावर बोलूं लागतें. भाजलेला मसाला पूर्ण निवूं द्यावा. गरम असतां कुटला तर वाफेनें तो ओलसर होतो आणि गोळे बांधतो.

खलांत प्रथम कठीण जिन्नस घालावे, म्हणजे दालचिनी, लवंग, मिरें, मग धणे-जिरें, आणि सुकें खोबरें घालावयाचें असेल तर अगदीं शेवटीं, कारण त्याचें तेल सुटून सगळ्याचा लगदा होतो. लसूण ठेंचतांना जाड्या मिठाचे चार खडे टाकले तर पाकळ्या घसरत नाहींत. मिक्सर वापरावयाचा असेल तर लहान भांडें घ्यावें आणि तो थांबवीत थांबवीत फिरवावा. एकसारखा फिरविला तर पातें तापतें आणि आपण वाचवूं पाहात असलेला वास झांकण उघडतांच खोलीभर होतो. खोलीला आलेला वास रश्शाला मिळत नसतो, हें ध्यानांत ठेवावें. तेलांत कांदा परतल्यावर मग कुटलेला मसाला घालावा, आणि तो खालीं लागूं लागला तर पाण्याचा लहानसा हबका द्यावा. सुटलेला सुगंध तेलांत धरला गेला, कीं तो ताटापर्यंत पोंचतो.

आख्खा माल सांठवितांनाहि थोडी शिस्त हवी. घट्ट झांकणाचे डबे, चुलीपासून दूर, उजेडाच्या आड. आणि प्रत्येक डब्यावर माल आणल्याचा महिना लिहिलेली चिठ्ठी. बाजारांतून पूड घेण्याची वेळ आलीच, तर लहांतलें लहान पाकीट घ्यावें. हळदीसारखी दगडासारखी कठीण वस्तु घरच्या खलांत कुटण्याचा हट्ट धरूं नये. पाहून घेतलेलीं हळकुंडें विश्वासाच्या गिरणींत समोर उभें राहून दळून आणावीं.

शेवटीं एक सूचना पालकांसाठीं. हा खलबत्ता घरांतील मुलाच्या आणि मुलीच्या, दोघांच्याहि हातीं द्यावा. प्रमाण कागदावरून पाठ होतें, पण धणे भाजून झाले कीं नाहींत हें नाकानेंच शिकावें लागतें, आणि नाक शिकतें तें चुलीजवळ उभें राहूनच. आजीच्या मसाल्याची चव आईला आली ती वहींतून आली नाहीं. बत्ता हातांत असतांना आजी शेजारीं बसून "आणखी थोडें," "आतां पुरे," असें म्हणत होती, म्हणून आली. तें "आतां पुरे" ज्या घरांत बोललें जात नाहीं, त्या घरांत एका पिढींत ती चव संपते आणि संपल्याचें कोणाला कळतहि नाहीं. येत्या रविवारीं पावशेर धणे आणावे, माळ्यावरचा खल खालीं काढून घासावा, आणि मुलांना आधीं दोन दाणे नखानें चुरडून हुंगावयास सांगावें. पुढचें शिकविणें मग फारसें अवघड जात नाहीं.